नळी बदलायची की नाही

९ सप्टेंबर

तिन्ही गोळ्या वर गेल्या. ओढ्यापलीकडच्या पांढऱ्या दगडावर कोळशाने गोल काढला होता, त्याला एकही शिवली नाही. एक तर दगडच चुकवून मागच्या मातीत घुसली. गेल्या वर्षी याच दगडावर तिन्ही गोळ्या चहाच्या वाटीखाली झाकतील इतक्या जवळजवळ बसायच्या.

डोळे ठीक आहेत, सुई अजून मीच ओवतो. हात थरथरत नाही. दुर्बिणीचे स्क्रू घट्ट आहेत. म्हणजे दोष नळीचा. रायफल वडिलांची, रशियन, वयाने माझ्या बरोबरीची. नळी आतून झिजली असेल तर नवल नाही. मीही झिजलोच आहे की.

रोजचं लिहून ठेवायचं ठरवलंय. तीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं आणि पोरांच्या डोक्यात एकच गोष्ट भरली, की वाटतं ते लिहू नका, दिसतं ते लिहा. आता स्वतःवर वेळ आली.

वेळ फार नाही. नोव्हेंबरच्या शेवटी सुयुनबेकचा आश आहे, म्हणजे तो जाऊन वर्ष झाल्याचं मोठं जेवण. भावाच्या मातीवर उभा राहून चार गावांसमोर मी बोललो होतो, की त्या दिवशी ताटात काश्का-झोच्या कड्यावरचा रानबोकड असेल. घोडा कापूच, तो सगळेच कापतात. पण सुयुनबेक त्याच कड्यावरून घसरला, आम्ही मारलेला बोकड आणायला उतरताना. तो बोकड तिथेच राहिला, भावाला मात्र आम्ही खाली आणलं. त्याच्या वाटचं मांस वरच राहिलं, ते मला खाली आणायचंय. एका बोकडाचा परवाना काढून ठेवलाय.

घरी बायकोने, जिपारने, विचारलं, "लागली का?"

"नाही."

"बरं," म्हणाली आणि पीठ मळायला लागली. बरं काय त्यात?

१५ सप्टेंबर

इरिसबेकला घेऊन काश्का-झोच्या पायथ्यापर्यंत गेलो. जावई चांगला आहे, पोस्टाची गाडी चालवतो, बोलतो कमी. मोठ्या शिंगांचा एक बोकड सरळ समोर उभा होता, मी निवांत नेम धरला, आणि गोळी त्याच्या पाठीवरून गेली. मागचा दगड फुटलेला मी स्वतः पाहिला. बोकड पळालासुद्धा नाही, आधी मान वळवून माझ्याकडे बघत राहिला. फार लाज वाटली.

परतताना मागच्या गल्लीने आलो. पुलावरून येण्यात अर्थ नव्हता. तिथे काल्बुबू आजी दिवसभर ऊन खात बसते. शिकारीला वाटेत जो पहिला भेटून 'शिराल्गा' म्हणेल, त्याला तो मागेल तो वाटा द्यायचा आणि नाही म्हणायचं नाही, ही आमच्याकडची रीत. गेल्या वीस वर्षांत गावात जेवढे बोकड आले तेवढ्यांच्या फऱ्यांवर त्या म्हातारीने हात मारलाय.

पण आज ती नेमकी जेवायला घरी आलेली, आणि तिचे कान तिखट. कुंपणापलीकडून ओरडलीच, "काय रे मास्तर, चोरासारखा मागच्या दाराने? शिराल्गा!"

"आजी, काही नाही मिळालं."

"काही नाही म्हणजे? पिशवीत काय आहे?"

"अर्धी रोटी."

"मग ती दे. रीत म्हणजे रीत."

दिली. इरिसबेक तोंड फिरवून हसत होता.

घरी आलो तर जिपार नव्हती. थोड्या वेळाने आली, बूट चिखलाने भरलेले. गाय बघायला गेले होते म्हणाली. गाय तर अंगणातच बांधलेली होती. पण मी तेव्हा रायफलच्याच विचारात होतो.

२१ सप्टेंबर

नारिन शहरात जाऊन आलो. बंदुका दुरुस्त करणारा शायलो माझाच विद्यार्थी, वर्गात शेवटच्या बाकावर झोपायचा. त्याने बोल्ट काढला, नळी दिव्याकडे धरली, आत डोळा लावला आणि बराच वेळ हुंऽ हुंऽ करत बसला.

"मास्तर, आतले आटे बरेच गेलेत. गोळीला पीळ मिळत नाही नीट. ही आता नळी नाही, नळाचा पाइप आहे."

"बदलायची म्हणतोस?"

"माझ्याकडे एक आहे, याच जातीची, न वापरलेली. बर्फ पडायच्या आत आणून द्या, बसवून देतो. पण जुनी परत मिळायची नाही. नंबर तिच्यावर आहे ना. पोलिसांसमोर कापून टाकावी लागते."

"कापून?"

"दोन तुकडे. नियम आहे."

विचार करून सांगतो म्हटलं. शायलो म्हणाला, "शाळेत मी असं म्हणालो की तुम्ही कान धरायचात." वात्रटपणा गेलेला नाही.

घरी सांगितलं तेव्हा जिपारच्या हातातला चमचा थांबला. "नळी बदलायची म्हणजे लाकूड उघडतात का?"

"उघडावंच लागतं. नळी लाकडात बसलेली असते."

"मग नका बदलू."

"का?"

"तुमच्या वडिलांचं लाकूड आहे. तडा गेला तर?"

चाळीस वर्षांत तिने माझ्या वडिलांच्या एकाही वस्तूची एवढी काळजी केलेली नाही. त्यांचं खोगीर तिनेच कोंबड्यांना बसायला दिलं होतं. म्हातारपणी माणसं हळवी होतात.

२५ सप्टेंबर

आज नळी पुसत बसलो होतो. पुढच्या बाजूला उजवीकडे काळा रंग पार उडून पांढरं लोखंड दिसतं. सुयुनबेक डावखुरा होता, त्याचा उजवा हात तिथे असायचा. लहानपणी एका रायफलवर दोघं शिकलो. वडील आम्हाला एक-एक गोळी द्यायचे आणि जो चुकेल तो लाकडं फोडायचा. सगळ्या हिवाळ्यांची लाकडं मीच फोडली.

ही कापायची म्हणजे त्याचा हात कापल्यासारखं वाटतं. आणि नाही कापायची तर त्याच्या ताटात काय वाढू? दोन्हीकडून पंचाईत आहे.

दारामागच्या खिळ्यावरचा ताईत दिसला नाही. सुयुनबेक गेल्यावर जिपारने मुल्लाकडून आणला होता, कातड्याचा तीन कोनांचा, लाल दोऱ्याने शिवलेला. गळ्यात घाला म्हणून महिनाभर मागे लागली होती. मी म्हटलं, ज्याने अख्ख्या गावाला गुरुत्वाकर्षण शिकवलं त्याच्या गळ्यात हे लटकलं तर पोरं दात काढतील. मग तो खिळ्यावरच राहिला. आता नाही, म्हणजे लेकीकडे दिला असेल. बरं झालं.

४ ऑक्टोबर

एक गोष्ट ध्यानात आली आणि ती महत्त्वाची आहे. कोरड्या दिवशी गोळी चार बोटं वर जाते. पाऊस पडून गेल्यावर किंवा रायफल रात्री ओसरीत दवात राहिली तर चांगली वीतभर वर जाते. नळी लोखंडाची, ती पाण्याने फुगत नाही. तेव्हा दारूला ओल लागत असणार आणि झिजलेल्या नळीत तो फरक जास्त दिसत असणार. अनुमान पक्कं वाटतं. शायलोला ऐकवलं पाहिजे, त्याने असा विचार जन्मात केला नसेल.

रस्त्यात मुल्ला भेटला. खांद्यावरच्या रायफलकडे बघून गालात हसला. "काय मास्तर, जवळ आहे ना?"

"खिशातच असतो," मी म्हटलं आणि परवाना काढून दाखवला.

परवान्याकडे बघून तो गोंधळला. "अल्ला राखो," म्हणाला आणि निघून गेला. मुल्लाला शिकारीच्या परवान्याशी काय करायचंय?

१२ ऑक्टोबर

आजचं लिहायला नको वाटतं.

रात्री बर्फ शिंपडून गेलं होतं. सकाळी काश्का-झोच्या खालच्या खांद्यावर बोकड सापडला. ओलीचा हिशोब करून मी वीतभर खाली नेम धरला. तो हिशोबही चुकला. गोळी मागच्या पायाला लागली. तो कोसळला, उठला आणि तीन पायांवर कड्यात शिरला.

दिवसभर माग काढला. बर्फावर रक्त होतं, मग थेंब, मग काहीच नाही. जिथे माग संपला तिथून पुढे कडाच होता, गेल्या वर्षीचाच. मी उतरायला निघालो तर इरिसबेकने माझा पट्टा मागून धरला. "बाबा, नाही."

"तो जिवंत आहे रे तिथे."

"असेल. पण तुम्हाला नाही सोडणार. मला घरी तोंड दाखवायचंय."

जावयाने सासऱ्याला पट्ट्याला धरून ओढत मागे आणलं. मी त्याला नको ते बोललो. त्याने ऐकून घेतलं.

जखमी जनावर सोडून घरी यायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. वडील म्हणायचे, असं झालं की रायफल खुंटीला टांग आणि वर्षभर तिच्याकडे बघू नकोस. वर्ष माझ्याकडे नाही.

मागच्या गल्लीनेच आलो. घर रिकामं होतं. जिपार अंधार पडताना आली, गुडघ्यापर्यंत ओली. मी घडलेलं सांगितलं. ती खाली बसली आणि रडायला लागली. तिला जनावरांची दया फार. मग म्हणाली, "तुम्ही कड्यात उतरलात?"

"इरिसबेकने उतरू दिलं नाही."

ती आणखीच रडली.

ठरलं. नळी बदलायची. हातातल्या रायफलला मेलेल्या भावाचा हात लागलाय म्हणून जिवंत जनावराचे हाल करायचे, हे सुयुनबेकलाही पटलं नसतं. परवा नारिनला जातो.

१३ ऑक्टोबर

सकाळी जिपार म्हणते, "तुम्ही नका जाऊ. मी नेते रायफल, इरिसबेकच्या गाडीतून."

"तू? तुला नारिनमध्ये शायलोचं दुकान तरी माहीत आहे का?"

"विचारीन."

"म्हातारे, तुझ्या हातात रायफल बघून पोलीस तुलाच आत टाकतील."

हसली नाही. दुपारी ती लेकीकडे गेली तेव्हा मी टेबलावर चादर पसरून बसलो. लाकूड शायलोच्या हाताखाली द्यायचं नव्हतं, तो पोरगा धसमुसळा आहे. आपणच जपून सोडवून द्यावं म्हटलं. खालचे दोन स्क्रू बघितले तर खाचा ओरबाडलेल्या. कोणी तरी बोथट सुरीने उघडलेत. आधी शायलोला शिव्या घातल्या. मग आठवलं, त्याने लाकूड उघडलंच नव्हतं. आणि आमच्या रोटीच्या सुरीचं टोक वसंतापासून वाकडं आहे.

स्क्रू काढले. नळी वर उचलली.

लाकडाच्या खोबणीत, पुढच्या टोकाला, जिथे सुयुनबेकचा हात असायचा त्याच्या बरोबर खाली, तो ताईत होता. चेपून सपाट झालेला. फेल्टच्या, म्हणजे दाबून केलेल्या लोकरीच्या, चिंधीत गुंडाळला होता, नळीला ओरखडा नको म्हणून असेल. चिंधी अजून ओली होती.

लाकूड आणि नळीच्या मध्ये अडकलेली, नळीला वर रेटणारी, पाण्याने फुगणारी चिंधी. कोरड्यात चार बोटं, ओलीत वीतभर. मी बावळटासारखा बसून राहिलो. तीस वर्षं पोरांना तरफ शिकवली मी! शायलोला ऐकवायला निघालो होतो!

आधी राग आला, इतका की ताईत चुलीत टाकायला उठलो होतो. त्या तीन पायांच्या बोकडाचा जीव हिने घेतला असं तोंडात आलं. बरं झालं ती घरात नव्हती. मग चुलीपुढे उभा असताना तिचं डोळ्यासमोर आलं. मी झोपलो असताना रोटीची सुरी घेऊन बसलेली, ज्या वस्तूची तिला आयुष्यभर भीती वाटली ती मांडीवर घेतलेली. स्क्रू उलटे फिरवतात हेही तिला माहीत नसणार. मी गळ्यात घालत नाही, तर जे मी खांद्यावरून उतरवत नाही त्याला तिने ते घातलं. मला रडू आलं. इथे कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो.

ताईत काढून लाकूड परत बसवलं. ओढ्यावर जाऊन तीन गोळ्या. वाटीखाली झाकल्या असत्या.

आटे झिजलेत हे शायलोचं खरं असेल. पण अजून चालेल इतके आहेत.

१४ ऑक्टोबर

शायलोला फोन करून सांगितलं, राहू दे. "का हो मास्तर? नेम आपोआप सुधारला?" म्हटलं, औषध मिळालं.

जिपारला एवढंच सांगितलं की नळी बदलत नाही, लाकूड उघडणार नाही. तिने दुआ संपल्यावर पुसतात तसं तळहातांनी तोंड पुसलं आणि संध्याकाळी बोरसोक, कणकेचे फुगलेले तुकडे, तळले. सणाला तळावेत एवढे. मी गरमागरम खाल्ले. ताईताचं बोलायचं तर तिने आधी बोलावं.

ताईत माझ्या फेल्टच्या टोपीच्या अस्तरात शिवलाय. टाके नीट आले नाहीत. पण डोक्यावर असला म्हणजे कोणाच्या नेमाच्या आड येत नाही.

२० ऑक्टोबर

सकाळी टोपी खिळ्यावर नव्हती. बघतो तर जिपार खिडकीपाशी बसून अस्तर उसवत होती. तिने कातडं काढून हातात धरलं, बघितलं, उलटं करून बघितलं. मग सुई उचलली आणि बारीक टाक्यांनी ते परत आत शिवायला लागली.

"हे टाके कोणी घातले होते?" तिने मान वर न करता विचारलं.

"मीच."

"गोणपाट शिवलंय का?"

बस, इतकंच. टोपी झटकून माझ्या हातात दिली. मी घातली.

३ नोव्हेंबर

धुकं. कड्यावर काही दिसत नाही. दोनदा जाऊन परत आलो.

११ नोव्हेंबर

मिळाला.

कड्याच्या वरच्या कडेला तीन नर होते. सर्वांत म्हाताऱ्यावर नेम धरला. एकच गोळी, तो जागीच बसला. घसरून खाली गेला असता तर मी उतरलो असतो का, माहीत नाही. नाही घसरला. तरी इरिसबेकने मला दोराने झाडाला बांधलं आणि स्वतः पुढे जाऊन त्याला ओढत आणलं. अशा वागणुकीला काय म्हणावं? पण सध्या तो ज्या आवाजात बोलतो त्याला नाही म्हणायची माझी टाप नाही.

खाली येताना इरिसबेक सवयीने मागच्या गल्लीकडे वळला. मी म्हटलं, "आज पुलावरून."

आणि पुलावर जिपार उभी होती.

काल्बुबू आजी तिच्या दगडावर बसलेली, आणि जिपार तिच्या पुढे, कठड्याला धरून, डोक्याला शाल गुंडाळलेली. माझ्या घोड्यावर आडवा बोकड बघून काल्बुबूने तोंड उघडलं, पण जिपारने तिला बोलूच दिलं नाही.

"शिराल्गा," जिपार म्हणाली.

मी हसलो. "अगं, तुला कशाला वाटा? सगळाच तुझ्या चुलीवर येतोय."

"मांस नको."

"मग?"

"काश्का-झो द्या."

"काय?"

"तो कडा द्या मला. खालचे डोंगर तुमचे. मरेपर्यंत हिंडा, मी एक अक्षर बोलणार नाही. तो कडा आजपासून माझा. तिथे पाऊल ठेवायचं नाही."

मी म्हटलं, वाटा शिकारीचा असतो, डोंगराचा नसतो, असं कुठे असतं का! इरिसबेक बुटांकडे बघत उभा. तेव्हा काल्बुबू काठी आपटून म्हणाली, "मागेल ते! मास्तर, नाही म्हणायचं नसतं. मला एवढ्या वर्षांत फरा मिळाला म्हणून काय दुसऱ्याने तोच मागायचा?"

"आजी, तुम्ही मध्ये पडू नका."

"पडणार. सप्टेंबरपासून बघतेय मी. तू वर गेलास की ही इथे येऊन उभी. पावसात उभी, बर्फात उभी. मी म्हणते, बाई, बस तरी, तर बसत नाही. आणि तू घरी मागच्या गल्लीने! मग कोणी तरी येऊन सांगायचं, अगं तुझा म्हातारा घरी पोचला, की ही धावत जायची."

मी जिपारच्या पायांकडे बघितलं. बूट चिखलाने भरलेले होते.

गेल्या वर्षी सुयुनबेकला आम्ही याच पुलावरून आणलं होतं. तेव्हा पुलावर त्याची बायको उमसुनाय उभी होती. हे मला माहीत होतं. पण जिपार तिच्या शेजारी उभी होती, आणि ती त्या दिवसापासून तिथेच उभी आहे, हे मला आज कळलं. मागच्या गल्लीने मी माझी लाज लपवत होतो. आणि पुलावर ती दर वेळी माझ्याशिवाय परतणारा घोडा दिसेल या धास्तीने उभी होती.

"दिला," मी म्हटलं.

"मोठ्याने," काल्बुबू म्हणाली.

"काश्का-झो दिला!"

जिपारने मान हलवली, लगाम माझ्या हातातून घेतला आणि पुढे चालायला लागली. काल्बुबूला आम्ही फरा दिलाच. तिला काही बोलायची सोय नाही.

२८ नोव्हेंबर

आश झाला. लोक खूप आले. उमसुनायच्या ताटात पहिला तुकडा मी वाढला आणि कुठला ते सांगितलं. तिने तो तोंडात घालायच्या आधी बराच वेळ हातात धरून ठेवला. मग खाल्ला.

शायलोही जेवायला आला होता. जाताना म्हणाला, "मास्तर, ती नळी अजून ठेवलीय तुमच्यासाठी. लांबचा नेम मारायचा असेल तर विचार करा. मोठ्या कड्यांना ही जुनी पुरायची नाही."

म्हटलं, खालच्या डोंगरांना पुरेल.